अकरा तारखेचे आकडे

बाबा गेल्याला एकोणीस दिवस झाले, तरी धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "दगड आहेस का गं तू?" ताई म्हणाली होती. असेनही, असं धाकटीला वाटलं. भूक लागली की ती जेवायची, हाक आली की ओ द्यायची. आत सगळं बधिर. कामावर तर तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. दोन दिवस रजा, कारण 'घरचं काम'.

काम तरी कसलं? एक उपग्रह शंभर किलोमीटरच्या वरची विरळ हवा किती तापली, किती निवली हे मोजायचा. आकडा फार चढला की पडद्यावर लाल व्हायचा. तो खरा की उपकरणाचा दोष, हे धाकटीने ठरवायचं. महिनाअखेर नोंदींना कुलूप लागलं की ब्रह्मदेवालाही त्या बदलता येत नसत.

आज पाचला कुलूप होतं. साडेचारला विभागप्रमुख आले. ताठ चालीमुळे पाठीमागे सगळे त्यांना काटकोन म्हणत.

"अकरा तारीख अख्खी सदोष? त्या दिवशी सौर वादळ होतं ना? परत बघा जरा."

"बघते, सर."

बघायचं तर तिला नव्हतंच. बाबा रोज फोनवर विचारायचे, "काय गं, आज वर कुणाचा पारा चढलाय?" अकरा तारखेला फोन वाजला तेव्हा तिला बाबाच वाटले. पण ताई होती. "बाबा गेले गं." ती नुसती "हो, हो" म्हणत राहिली आणि समोरचा लाल दिवस तिने सबंध सदोष करून टाकला. असा दिवस उगवलाच नव्हता, झालं!

आता तिने तो दिवस उघडला. वादळाने हवा तापली होती, मग नेहमीच्या पाचपट उष्णता बाहेर टाकत निवत गेली होती. दुसऱ्या उपग्रहाशी ताडून पाहिलं. खोट कुठेच सापडेना.

'सदोष'ची खूण काढायची तर कारण लिहावंच लागे. सगळे 'नजरचूक' लिहून मोकळे होत. तिनेही लिहिलं, खोडलं. पाचला चार मिनिटं कमी असताना पुन्हा लिहिलं: 'उपकरण ठीक होतं. त्या दिवशी माझे वडील वारले.'

काटकोन परत आले आणि त्यांनी पडद्यावरचं कारण वाचलं.

"हे कायमचं राहील. नंतर पुसता यायचं नाही."

"राहू दे, सर," धाकटी म्हणाली, आणि मग तिला खुर्चीतून उठताच येईना.