समासातलं भांडण

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. फिरणार नाही तर काय! एका आईने आणि तिच्या मुलीने आपलं भांडण माझ्या अंगावर केलं आणि शेवटी सोलली गेले ती मी.

माझ्या तीनशे बारा पानांत एक आई आणि तिच्या तीन मुली आहेत. त्या रुसतात, एकमेकींना नाही नाही ते बोलतात आणि शेवटी गळ्यात पडतात. छापखान्यातून वाचनालयात आले तेव्हा माझा काय तोरा होता! माझ्यासाठी नंबर लागायचे. बायका मला पिशवीत घालून न्यायच्या आणि डोळे लाल करून आणून द्यायच्या. त्याच बायका माझे कोपरे दुमडायच्या, खुणेसाठी केसांतली पिन खुपसायच्या. तेही मी सोसलं. मग नव्या कादंबऱ्या आल्या आणि मी खालच्या फळीवर धूळ खात पडले.

तिथून मला शिवणकाम करणाऱ्या एका आईने उचललं. तिची मुलगी नर्स. दोन वर्षांपूर्वी वडील गेले त्या दिवशी मुलगी वॉर्डात अडकली होती, कारण बदलीची नर्स आलीच नाही. ती घरी पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. आईने भरल्या घरात, नातेवाइकांसमोर तिला सुनावलं, "परक्यांच्या उशाशी बसलीस, बापाच्या नाही." मुलगी आली तशी मागे फिरली आणि हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

वाचनालयाचं कार्ड मात्र एकच राहिलं. एका कार्डावर एका वेळी एकच पुस्तक, असा तिथला नियम. त्यामुळे आई सोमवारी जे परत करायची, तेच मुलगी मंगळवारी मागून न्यायची. का, ते तिलाच ठाऊक. चाळिसाव्या पानावर माझ्यातली आई म्हणते की मुलींना काळीज नसतं. त्या ओळीखाली आईने कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने जाड रेघ ओढली. मुलीने शेजारी समासात लिहिलं, 'हिने मुलीला एकदा तरी विचारलं का?' पुढच्या खेपेला आईने मलाच पुन्हा मागून नेलं आणि खाली निळं उत्तर आलं, 'विचारायला धीर लागतो.'

झालं! चार महिने हेच. नाव माझ्यातल्या बायकांचं आणि भांडण यांचं. अहो, तुम्हाला तोंडं दिली आहेत! बसने अर्ध्या तासावर राहता! माझे समास काय तुम्हाला आंदण दिले होते? पण माझं ऐकतो कोण.

मग तीनशेव्या पानावर मुलीने लिहिलं, 'मी मुद्दाम उशीर केला, असं तिला खरंच वाटतं का?' हे काही माझ्यातल्या मुलीबद्दल नव्हतं. आईने मला दहा दिवस ठेवून घेतलं. रोज ते पान उघडायची आणि मिटायची. अखेर अगदी कडेला तिने दोन ओळी लिहिल्या आणि ग्रंथपाल बाईंना बजावलं की हे पुस्तक दुसऱ्या कोणाला देऊ नका, माझी मुलगी न्यायला येईल.

ग्रंथपाल बाई भली. तिने पाहिलं, माझी शिवण उसवली होती. असं फाटकं पुस्तक कसं द्यायचं, म्हणून तिने मला आधी बाइंडरकडे धाडलं. बाइंडरने मला नव्याने शिवलं, नवा पुठ्ठा चढवला. मग कडा सारख्या करायच्या म्हणून मशीनखाली घालून तिन्ही बाजूंनी बोटभर कापून टाकलं. कुणी काही लिहिलंय का, एकदा बघायचं तरी! कापलेल्या पट्ट्या पोत्यात गेल्या आणि पोतं रद्दीत.

मी शिवून परत आले त्या मंगळवारी मुलगी आली. काउंटरपाशी उभ्या उभ्याच तिने तीनशेवं पान उघडलं. तिचा स्वतःचाच प्रश्न अर्धा कापला गेला होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. तिचा चेहरा पडला. "कार्डावरून माझं नाव काढून टाका," असं तिने सांगितलं. ग्रंथपाल बाई चकित झाली. अहो, आईने तर पुस्तक मुद्दाम तुमच्यासाठी ठेवायला सांगितलंय, म्हणाली. मुलीने पुन्हा पाहिलं. कापलेल्या कडेशी निळ्या अक्षरांची टोकं उरली होती.

ती मला घेऊन तडक आईच्या घरी गेली. आई मशीनवर बसली होती. मुलीने मला कापडांच्या ढिगावर आपटलं आणि विचारलं, "काय लिहिलं होतंस?"

आईने ती कड बोटाने चाचपली. पेन्सिल शोधू लागली.

"लिहू नकोस. सांग."

आईने हात आवरला. मग मान खाली घालूनच ती म्हणाली, "तू मुद्दाम उशीर केला नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी एकटी होते गं त्यांच्यापाशी. काय करायचं ते कळत नव्हतं. तू आलीस आणि सगळं तुझ्यावर काढलं."

मुलगी तिच्यापाशी खाली बसली. तिचा धक्का लागून ढीग कोसळला आणि मी मशीनखाली गेले. दोघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही.

परत द्यायची तारीख उलटून तीन आठवडे झाले. मी इथेच आहे, अंगावर चिंध्या घेऊन. वर दोघी बोलतात, वाद घालतात, मध्येच हसतातही. माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, पुस्तकं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, आईवर राग असेल तर तिच्यासमोर उभे राहा आणि तोंडाने बोला. आणि आता कुणीतरी जरा खाली वाका, मला इथून बाहेर काढा.