बादलीत विरलेली वर्षे

मित्रांनो, मी एक जुना चुनखडीचा खांब आहे. उंची जेमतेम हातभर. सध्या पनवेलमधील एका गॅलरीत, कुंड्यांशेजारी उभा आहे.

माझा जन्म दूरच्या एका गुहेत झाला. छतातून पाणी ठिबके आणि प्रत्येक थेंब थोडासा चुना माझ्या डोक्यावर ठेवून जाई. वर्षाला केसाच्या जाडीएवढा मी वाढे. पाऊस चांगला झाला तर थर जाड, नाही झाला तर बारीक. असे हजारो पावसाळे मी अंगात साठवले.

१९९३ साली खाणीच्या सुरुंगांनी गुहा फुटली. महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणाऱ्या दमयंतीबाईंनी मला ढिगाऱ्यातून उचलले आणि गोधडीत गुंडाळून घरी आणले. गुहेजवळ दोनशे वर्षांपूर्वी ओस पडलेले एक गाव होते. तिथली माणसे का गेली, कोणालाच ठाऊक नव्हते. "दुष्काळ पडला असेल, तर तो याच्या वरच्या बोटभर भागात दिसेल," असे बाई म्हणत.

पाच वर्षांनी असे थर तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे पत्र आले : नमुना पाठवा.

दुसऱ्या दिवशी बाई कॉलेजात गेल्या. घरकाम करणाऱ्या गुणाबाईंनी फरशी धुण्याचे ॲसिड बादलीत ओतले आणि मला डोके खाली करून त्यात ठेवले. फेस उसळला.

"आगं बाय, किती मल निगतोय!" त्या खूष झाल्या.

तो मळ नव्हता, मित्रांनो. ती वर्षे होती.

संध्याकाळी त्यांनी मला बाईंपुढे ठेवले. "बगा ताई, दुदासारका केलाय. परगावी जायचा, काला कसा धाडायचा?"

बाईंनी माझ्या डोक्यावरून बोट फिरवले. वरचा भाग उरलाच नव्हता.

"गुणाबाई, यात त्या गावाचं उत्तर होतं हो."

"मंग दुसरा आना."

"दुसरा नाही. गुहाच राहिली नाही."

गुणाबाईंचा चेहरा उतरला. मग त्या हळूच म्हणाल्या, "पाच वरसं फडका मारते मी याच्यावर. एकदा तरी सांगायचं व्हतं, ताई. आमची खाडीतली मासली गेली, आमी भांडी घासाया आलो. ते कंच्या दगडात लिवलंय?"

बाईंनी मला उचलून गॅलरीत, कुंड्यांशेजारी ठेवले.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल, तर ती काय आहे हे तिच्यावरची धूळ पुसणाऱ्या माणसाला आधी सांगा. मला आता त्याचा उपयोग नाही. कुंड्यांतले पाणी माझ्या डोक्यावर ठिबकते. त्याने एकही थर चढत नाही.