मोडलेल्या स्टिकचा जोड

सकाळी कचरा टाकायला तो खाली उतरला, तेव्हा ड्रमच्या तोंडाशीच त्याला ती दिसली. हॉकीची स्टिक, दोन तुकड्यांत, भाजीच्या सालींत खुपसलेली. आधी वाटलं दुसऱ्या कुणाची असेल. मग मुठीवरची निळी पट्टी दिसली. ती पट्टी त्याच्या बायकोने गुंडाळली होती. आजारपणात, बोटांत जोर नसताना गुंडाळली, वाकडी झाली, आणि वाकडी झाली म्हणून स्वतःच हसली होती.

त्याने आपली पिशवी ड्रममध्ये टाकली आणि तुकडे बाहेर ओढले. तळमजल्यावरचे आजोबा पेपर घ्यायला दारात आले होते.

"काय मिस्त्री, कचऱ्यातून काही घबाड मिळालं का?"

तुकडे बगलेत मारून तो जिना चढला.

लेक स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दूध पीत होती. मैदानावर सारखी ओरडते म्हणून आईने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घरात ती आता कामापुरतंच बोलायची. त्याने तुकडे ओट्यावर ठेवले.

"हे काय आहे?"

"स्टिक."

"ते दिसतंय मला. कचऱ्यात काय करत होती?"

"मोडली. मोडलेल्या वस्तू कचऱ्यातच टाकतात ना, बाबा?"

"मोडली कधी?"

"परवा. सरावात समोरचीची स्टिक आडवी आली."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगून काय झालं असतं? ही घेतली तेव्हा घर डोक्यावर कुणी घेतलं होतं? लाकडाची चालत नाही का, हिला काय सोनं लागलंय का, म्हणून. आईशी दोन दिवस बोलला नव्हतात तुम्ही."

खरं होतं ते. म्हणून तो जास्तच चिडला.

"आईने दिलेली वस्तू सालींत खुपसतेस. तिला काय वाटलं असतं?"

"तिला आता काही वाटत नाही," लेक म्हणाली. पेला विसळून तिने पालथा घातला आणि दप्तर उचललं. "निवड चाचणी पुढच्या रविवारी आहे. मला नवी लागेल."

ही चाचणी साधीसुधी नव्हती. त्यातून निवडलेल्या मुलींना दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात घेणार होते. राहणं तिथे, शिकणं तिथे, खेळणं तिथे. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे हीच एक संधी. तिची आई शेवटच्या दिवसांत शुद्धीवर आली की एवढंच विचारायची, की चाचणीची तारीख लागली का.

"नवी मिळणार नाही," तो म्हणाला. "हीच जोडून देतो. हिनेच खेळायचं."

लेक दारात थांबली. त्याच्याकडे तिने असं पाहिलं, जसं दुकानात चुकीचं सुटं परत देणाऱ्याकडे पाहतात.

"बरं," म्हणाली, आणि गेली.

फायबरचं जे जे फुटतं ते जोडायचं, हाच त्याचा धंदा होता. पाण्याच्या टाक्या, बाथटब, गाड्यांचे बंपर. पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि त्याचा भागीदार वर्षानुवर्षं ते काम करत आले होते. भागीदाराने मोडलेली टोकं उजेडात धरून आत डोकावून पाहिलं. दांडा जिथे खाली रुंद होत जातो, तिथे मोडला होता. काळ्या दोऱ्यांच्या झिंज्या बाहेर आल्या होत्या.

"जोडता येईल," भागीदार म्हणाला. "पण जोडण्यात अर्थ नाही."

"का म्हणून?"

"अरे, टाकी जागची हलते का? पोटात पाणी घेऊन मुकाट बसते बिचारी. ही मार देणार आणि मार खाणार. जोड जाड केलास तर पोरीच्या हातात मुसळ दिल्यासारखं होईल. पातळ केलास तर पहिल्याच फटक्याला मान टाकेल. माझ्या दाताला टोपी बसवली तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता खुशाल दगड फोडा. तिसऱ्या दिवशी केळं खाताना पडली."

"तुझ्या डॉक्टरला काम येत नव्हतं."

"तुला येतं. मान्य. उद्या जोड टिकला तर तुझी कॉलर ताठ. पोरीचं काय?"

"पोरीचंच बघतोय ना."

"कसलं बघतोयस? पोरीला अद्दल घडवतोयस तू. घडव बाबा, तुझी पोर आहे."

त्याने काम सुरू केलं. आतला कुजका फोम खरवडून काढला. पोकळीत बसेल अशी फायबरची खुंटी घासून तयार केली, ती दोन्हीकडून रेझिनच्या चिकट द्रवात बुडवून आत बसवली आणि टोकं एकमेकांवर दाबली. वरून काचेच्या दोऱ्याचं कापड रेझिनमध्ये भिजवून गुंडाळलं. एक वेढा, त्यावर दुसरा. तेवढं पुरेसं होतं हे त्याच्या हाताला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सुकलेला जोड त्याने गुडघ्यावर दाबून पाहिला. करकर नाही, हालचाल नाही. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तो शीळ घालत घरी गेला.

घरी मेव्हणी बसली होती. बायकोची मोठी बहीण. तिच्या मांडीवर लांबट खोका होता.

"भावोजी, मी हिच्यासाठी नवी आणली. चाचणीला तुटकीफुटकी नको."

"तुटकी नाही ती. जोडलीय."

"जोडलेली काय आणि तुटलेली काय. हिच्या हॉकीच्या मॅडमसुद्धा म्हणाल्या, जोडलेली खेळायला कुणी घेत नाही. ताकद सगळी जोडातच अडते, चेंडू पुढे जात नाही."

"तुमच्या त्या मॅडमनी आयुष्यात एक बादली तरी जोडलीय का?"

"अहो, पोरीचं वर्ष आहे हे."

"घरात काय आणायचं ते मी बघतो. बहीण होती तोवर तुमचं इथे येणं होतं. आता हा खोका उचला."

मेव्हणीचा चेहरा उतरला. ती उठली. लेक आतल्या दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती.

"मावशी, ने ती परत," ती शांतपणे म्हणाली. "आई काही यांना दुरुस्त करता आली नाही. काठी तरी करू देत."

मेव्हणीने तोंडावर हात ठेवला. तो चपला घालून तसाच शेडवर परत गेला, आणि चांगल्या सुकलेल्या जोडावर त्याने आणखी एक वेढा चढवला. मग आणखी एक. कुणी म्हणायला नको की कमी पडलं. सुकल्यावर काळा रंग मारला. दांड्याला तिथे फुगवटा आला होता, अजगराने काही गिळल्यासारखा. भागीदाराने तो बघितला, भुवया उडवल्या आणि आपला बंपर घासत राहिला.

चाचणीच्या सकाळी मैदानाच्या कडेला टेबल लावलं होतं. एक पंच बाई खुर्चीत बसून प्रत्येक मुलीची स्टिक तपासत होत्या. त्यांच्या हातात धातूची एक कडी होती. ती मुठीकडून स्टिकमध्ये घालायची आणि खालपर्यंत सरकवायची. सरकली तर स्टिक नियमात. इतकं साधं. असा काही नियम असतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

लेकीची पाळी आली. कडी मुठीवरून उतरली, दांड्यावरून खाली आली, आणि फुगवट्याशी अडकली. बाईंनी जोर लावून पाहिला.

"हे काय लावलंय हिला? प्लास्टर?"

मागच्या मुली हसल्या. त्यांच्या आयाही हसल्या.

"बाबांनी जोडलीय," लेक मोठ्याने म्हणाली.

"चालणार नाही. दुसरी आण."

मॅडम पुढे आल्या. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःची स्टिक काढून तिच्यासमोर धरली. "घे ही. वजन तुला जमेल. घे पटकन."

तो कुंपणापाशी उभा होता. त्याला सुटल्यासारखं वाटलं. घेईल, खेळेल, आणि मी काही दिली नाही असं म्हणायलाही मोकळा राहीन, एवढा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात एका क्षणात होऊन गेला.

"नको, मॅडम," लेक म्हणाली. मग तिने स्टिक कुंपणावरून त्याच्याकडे दिली. "बाबा, घासून द्या. कडी जाईल इतकी."

"वेडी झालीस का?" मॅडम ओरडल्या. "अहो, तुम्ही तरी सांगा तिला!"

'मॅडमची घे' एवढे दोनच शब्द होते. ते त्याच्या जिभेवर आले होते. पण लेक त्याच्याकडे बघत होती. हसत नव्हती, चिडलीही नव्हती, नुसती वाट बघत होती, की हा आता म्हणणार. तिला तेच ऐकायचं होतं आणि तिच्या तोंडावर ते म्हणणं त्याला जमेना. कामाच्या पँटच्या खिशात पॉलिश पेपर कायमच असायचा. त्याने तो काढला, बाकड्यावर एक पाय ठेवला, मांडीवर स्टिक आडवी घेतली आणि घासायला लागला.

रंग गेला. रेझिन गेलं. पांढरे धागे वर आले. बाजूला मुली धावून अंग मोकळं करत होत्या. पंच बाई घड्याळ बघत होत्या. घाईघाईत पेपर वेढ्याच्या कडेवरून वर घसरला आणि मूळ दांड्याची काळी भुकटी त्याच्या बोटांना लागली. ते त्याला दिसलं. चांगल्या अंगाचं साल निघत होतं. त्याने हात जरा खाली घेतला, परत घासलं, परत हात वर गेला. शेवटी कडी किरकिरत खाली उतरली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पुढची."

लेक जड स्टिकने खेळायला लागली. तिचा प्रत्येक फटका अर्धा क्षण उशिरा पडत होता. दोन चेंडू तिच्या हातून निसटले. निवड करणारे दोघं गृहस्थ आपसांत काही बोलले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, ती दर वेळी कुंपणाकडे बघत होती. तरी पळत होती जिवाच्या आकांताने, ओरडत होती, आणि एकदा तिने असा काही चेंडू अडवला की शेजारचा कुणीतरी अनोळखी माणूस "वा, पोरी!" म्हणाला. ते ऐकून त्याने मान ताठ केली.

मग पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका मारायचं काम तिचंच होतं. कडेवरून चेंडू आत आला, एकीने तो तिच्यासाठी थांबवला, आणि तिने अंगातला सगळा राग त्यात घालून स्टिक फिरवली.

आवाज बारीकच झाला, वाळकी फांदी पायाखाली येते तसा. स्टिकचा खालचा भाग गरगरत कुंपणापर्यंत आला. चेंडू जिथल्या तिथे राहिला.

तो खाली वाकला. तुकडा उचलून बघितला. मोड जोडावर नव्हता. जोडाच्या वर, दोन बोटांवर, मूळच्या दांड्यात होता. जोड जसाच्या तसा होता, अखंड, एक धागाही उसवला नव्हता.

"जोड धरला!" तो मोठ्याने म्हणाला. "बघा, माझा जोड धरलाय!"

सगळं मैदान गप्प होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. लेकीलाही. ती जिथल्या तिथे उभी होती. उरलेला दांडा तिच्या उजव्या तळहातातून सटकून गेला होता आणि जाताना फुटक्या टोकाने हात उसवून गेला होता. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. ती हाताकडे बघत नव्हती. त्याच्या हातातल्या तुकड्याकडे बघत होती.

"अहो, तिकडे काय बघताय?" मॅडम ओरडल्या. "पोर इकडे आहे तुमची!"

मग तो धावला. तोपर्यंत मॅडमनी हात रुमालात गुंडाळला होता.

दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर म्हणाले, जखमेत काळे बारीक धागे गेलेत, दिसले तेवढे काढले, एखादा राहिला असेल तर आपोआप वर येईल. निवडलेल्यांची नावं संध्याकाळी वाचून दाखवली. तिचं त्यात नव्हतं. ते सांगायला मॅडमनी त्याला नाही, मेव्हणीला फोन केला. मेव्हणी गाडी घेऊन आली. लेकीने डाव्या हाताने आपले कपडे भरले. त्याने बॅग खाली न्यायला हात पुढे केला, तर तिने ती मावशीकडे दिली.

"थोडे दिवस," मेव्हणी त्याच्याकडे न बघता म्हणाली. थोडे दिवस म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

भागीदाराला त्याने सगळं सांगितलं. जोड धरल्याचंही सांगितलं. भागीदार कधी नव्हे तो काहीच विनोद करू शकला नाही. एवढंच म्हणाला, "धरला असेल. तुझं काम चांगलंच आहे." आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

पुढच्या आठवड्यात तो मेव्हणीकडे गेला. टाके निघाले होते. अंगठ्याच्या मुळाशी कातडीखाली एक काळी रेघ दिसत होती, पापणीच्या केसाएवढी. फायबरची कुसळं त्याने आपल्या हातांतून आयुष्यभर काढली होती. कशी दाबायची, कोणत्या बाजूने सुई घालायची, सगळं त्याला ठाऊक होतं. चिमटा आणि सुई तो घरूनच रुमालात बांधून घेऊन आला होता.

"दाखव," तो म्हणाला. "मी काढतो. कळणारही नाही तुला."

लेकीने हात पाठीमागे घेतला.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही ज्याला हात लावता त्याच्या शेजारचं मोडतं."

मेव्हणीने चहा ठेवला होता. तो चहा न घेताच निघाला. त्यानंतर तो दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा लेक बाहेर गेलेली होती, किंवा तसं सांगितलं गेलं. दुखलं का, हे त्याने तिला अजून एकदाही विचारलेलं नाही. आणि ते कुसळ अजून आतच आहे. काढायचं राहिलं आहे.