टेकडीला लागतं पाणी

टेकडीवरून रस्ता काढायचा की नाही हे ठरण्याआधी टेकडीची किंमत काढायची होती, आणि ते काम पूर्णिमा मेश्रामच्या संस्थेकडे आलं. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. रोज सकाळी सहाला ती येरवड्याजवळच्या त्या टेकडीवर उभी राहायची आणि फिरायला येणाऱ्यांना विचारायची, "ही टेकडी अशीच राहावी म्हणून महिन्याला किती रुपये द्याल?"

"विकायला काढलीय का?" एका काकूंनी न थांबता विचारलं.

"नाही हो."

"मग भाव कशाला विचारताय?"

हिंमतराव नावाच्या निवृत्त तुरुंग शिपायाने तर फॉर्मवर भलंमोठं शून्य काढून खाली सही ठोकली. आठवड्याने मोजलं तर शंभरातले सत्तर फॉर्म शून्याचे. पूर्णिमाचं तोंडच उतरलं. एव्हाना तिलाही टेकडीचा लळा लागला होता.

सोमवारी ती जरा लवकर पोचली. पाहते तर हिंमतराव दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन धापा टाकत चढ चढत होते. वर कडुनिंबाची रोपं होती. प्रत्येकाला त्यांनी बेताने पाणी घातलं.

"काका, तुम्ही तर शून्य लिहिलं होतं."

"पैसे घेऊन टेकडी काय करणार? तिला पाणी लागतं. सात वर्षं आणतोय. ते तुम्ही विचारलंच नाहीत."

पूर्णिमाने तिथेच फॉर्मवर पेनाने नवा प्रश्न लिहिला : टेकडीसाठी तुम्ही काय करता, आठवड्याला किती वेळ? मग त्याच माणसांना गाठून तिने पुन्हा विचारलं. त्या काकू दर गुरुवारी प्लॅस्टिक वेचत होत्या. गंधार नावाचा आयटीतला मुलगा रविवारी मित्रांबरोबर पाणी जिरवायला चर खणत होता.

"हे आपल्या पद्धतीत कुठे बसतं?" संस्थेच्या प्रमुख कल्याणी मॅडमनी विचारलं.

"बसत नाही, मॅडम. म्हणून रकाना वाढवलाय." पूर्णिमाने फॉर्मचा गठ्ठा पुढे केला.

मॅडमनी बेरीज केली. शंभर माणसं, आठवड्याला एकशे नव्वद तास. त्यांनी चष्मा काढला आणि हसल्या. "आणखी दोनशे फॉर्म भरून आण. नव्या प्रश्नासकट."

अहवाल गेला. दोन महिन्यांनी रस्ता पायथ्याकडून वळवायचं ठरलं. पूर्णिमा धावतच ही बातमी सांगायला गेली.

"बरं झालं," हिंमतराव म्हणाले. "उद्या साडेपाचला या. पिंपळाला आळं करायचंय."