माझ्यातून निसटलेलं गाजर

मी एक जुनी गाळणी आहे. मित्रांनो, तुम्ही मला आत्ता पाहिलंत तर म्हणाल, ही कसली गाळणी, हे तर दांडी लावलेलं कडं. तुमचं बरोबर आहे. माझ्यात जाळी नाही. जाळी नसलेल्या गाळणीनं आपलं जीवन सांगायला बसणं म्हणजे चाकं नसलेल्या सायकलनं प्रवासवर्णन लिहिण्यासारखं आहे, हे मला कळतं. मला लाजही वाटते. पण लाजेची आता इतकी सवय झाली आहे, की ती नसेल तर चुकल्याचुकल्यासारखं होईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या जाड जाळीच्या बहिणी पीठ चाळायला आणि भाज्या निथळायला गेल्या. माझी जाळी मात्र इतकी बारीक, की मला उजेडासमोर धरून पाहणारा कामगार म्हणाला, "हिच्यातून पाणी जातंय हेच नशीब." ते वाक्य मी पदकासारखं जपलं. दुकानाच्या फळीवर शेजारच्या चाळणीशी मी एक शब्दही बोलले नाही. आज ती समोर आली, तर मी दांडी फिरवून भिंतीकडे बघेन.

मला विकत घेतलं बस चालवणाऱ्या एका बाईंनी. घरात त्या आणि त्यांचे वडील. बाईंचे यजमान जहाजावर कामाला होते, ते बहुतेक फोनमध्येच राहायचे. बरीच वर्षं मी चहा गाळला. त्या नोकरीत नाव होत नाही. चहा जमला की आल्याचं कौतुक होतं, बिघडला की दुधाला बोल लागतो. गाळणीला कोणी विचारत नाही.

मग घरात बाळ आलं. त्याचं नाव काहीतरी छान ठेवलं होतं, पण आजोबा त्याला बोचकं म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायला लागले. बोचकं बसायला शिकलं, दुसऱ्याच्या ताटाकडे पोलिसासारखं रोखून बघायला लागलं, आणि दुधाच्या जोडीला वरचं अन्न सुरू करायचं ठरलं. त्याची आई सकाळी लवकर बस घेऊन निघायची, म्हणून भरवायचं काम आजोबांकडे आलं. मला उकळत्या पाण्यात बुडवून बढती देण्यात आली.

आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांच्या मते जगातले निम्मे बिघाड धुळीच्या कणानं होतात आणि उरलेले निम्मे गिऱ्हाइकानं स्वतः उघडून बघितल्यानं. बाळही त्यांनी त्याच शिस्तीनं हाताळायला घेतलं. गाजर शिजवायचं, चमच्याच्या पाठीनं माझ्यातून घोटायचं, खाली पडलेलं परत माझ्यातून, आणि मग मनाच्या शांतीसाठी आणखी एकदा.

"एक कण आत गेला की काटा अडकतो," ते बोचक्याला समजावून सांगायचे. बोचकं ते ऐकून चमचा चावायचं.

गाजर, भोपळा, बटाटा, सफरचंद, मटार, सगळं माझ्यातून एकसारखं गुळगुळीत होऊन उतरायचं. बोचक्याला वाटत असणार, जगात पदार्थ एकच आहे आणि तो रोज कपडे बदलून येतो. पण खायचं छान. आजोबा मला धुऊन उजेडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "काय जाळी आहे." मी खिळ्यावर मान वर करून लटकायचे. मित्रांनो, ती मान आठवली की आजही माझी दांडी वाकते.

एकदा बोचक्याला वजन करायला नेलं. तिथं काय झालं ते आईनं घरी येऊन सांगितलं. नर्सबाईंनी त्याच्या तोंडात बोट फिरवलं आणि विचारलं, "एवढे दात आलेत, ते काय पाहुण्यांना दाखवायला ठेवलेत? आता नुसतं कुस्करून द्या. मऊ गोळे लागू देत जिभेला. रोज काहीतरी वेगळं द्या. चावायचं असतं हे त्याला कळायला नको?"

"पुढच्या महिन्यापासून," आजोबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात तर त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि त्याच्या थोडं आधीपासूनच बोचकं पाळणाघरात जाणार होतं. पाळणाघराच्या ताईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "आम्ही काट्यानं कुस्करून देतो. गाळत बसायला माझ्याकडे माणूस नाही."

आईनं त्याच दिवशी केळं काट्यानं कुस्करलं. बोचक्यानं ते जिभेनं बाहेर ढकललं, उमासे काढले आणि रडून लाल झालं. दुसऱ्या दिवशी बटाटा. बटाट्याचं तर त्यानं तोंडही पाहिलं नाही. आई गणवेशातच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. तिच्या बाहीवर बटाटा होता.

"बाबा, हे तिथं दिवसभर उपाशी राहील."

"मग ऑपरेशन पुढे ढकलू."

"काल तुम्ही साखरेच्या डब्यात मीठ भरलंत."

"पांढरंच असतं दोन्ही."

"माझे प्रवासी वाचले म्हणून बरं. मी तो चहा पिऊन बस चालवलीय."

खिळ्यावर मी सगळं ऐकत होते. ज्याला मी माझी कला समजत होते, त्या कलेनं एका मुलाला घासाची भीती शिकवली होती. मला कुठं तोंड लपवावं कळेना. मला तर तोंडच आहे, बाकी काही नाही.

बोचक्याला पुन्हा माझ्यातूनच गाळून भरवणं सुरू झालं, आणि त्यातच ती गोष्ट घडली. माझी जाळी सुटली. तार एकही तुटली नाही, हे मी शपथेवर सांगते. घोटून घोटून ती एका बाजूला कड्यातून जराशी निसटली, तांदळाच्या कणीएवढी फट पडली, आणि त्या फटीतून गाजराचा एक कण खाली वाटीत गेला.

माझ्यातून. कण.

आजोबांनी सवयीनं मला उजेडासमोर धरलं आणि म्हणाले, "स्वच्छ." त्यांना खिडकीसुद्धा धुरकट दिसत होती, फट कुठून दिसणार? चमचा बोचक्याच्या तोंडात गेला. बोचकं थांबलं. त्यानं भुवया चढवल्या, जीभ इकडून तिकडे फिरवली, हिशेब तपासणाऱ्या माणसासारखा चेहरा केला. मी खिळ्यावर डोळे मिटायचा प्रयत्न केला. मग त्यानं गिळलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण गाळणीला गाळता येत नाही, हे कळलं की तिला हायसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी अंग आवळून धरलं. तरी भोपळ्याचा धागा निसटला. फट रोज किंचित वाढत होती. भाताचं शीत गेलं. मटाराची साल गेली. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा चुरा तर घोळक्यानं गेला. आणि बोचकं एकेकाला जिभेवर घोळवून, हिरड्यांनी दाबून, शेवटी दातांखाली घेऊन निकालात काढत होतं. एक दिवस त्यानं आजोबांचं बोटच चावलं.

"याला दात कसे वापरायचे ते कळलं वाटतं," आजोबा बोट झटकत म्हणाले. "गाळणी चांगली आहे."

मित्रांनो, शिव्या सहन होतात. न केलेल्या कामाचं कौतुक सहन होत नाही. मी एवढी शरमले, की फट आणखी थोडी वाढली.

पाळणाघराचा पहिला दिवस आला. आई बोचक्याला सोडून, सुट्टी काढून घरीच बसून राहिली. फोन मांडीवर ठेवला होता. आजोबा तिच्यासमोर. दोघंही कोणी वारल्यासारखे. दुपारी आई त्याला घेऊन आली, आणि दारातूनच म्हणाली, "ताई विचारत होत्या, याला गाळून लागतं असं कोणी सांगितलं? त्यानं वाटीभर कुस्करलेलं खाल्लं आणि शेजारच्या मुलाच्या वाटीत हात घातला."

आजोबांनी मला खिळ्यावरून काढलं. दिसत नव्हतं, म्हणून अंगठा काठावरून फिरवला. सावकाश, पूर्ण गोल. एका जागी अंगठा आत गेला.

तो क्षण मी विसरणार नाही. माझं पितळ उघडं पडलं, आणि मी तर स्टीलची.

"किती दिवस झाले असतील, बाबा?" आईनं विचारलं.

"मला काय विचारतेस. मी रोज तपासत होतो." त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "जन्मभर केसाएवढी स्प्रिंग हाताळली मी. आणि एवढं भगदाड."

"तुमच्या हातून नातवाला चावता आलं."

"माझ्या नजरचुकीनं आलं."

"मग चुकीनं का होईना," आई म्हणाली, आणि हसू येऊ नये म्हणून तिनं बोचक्याच्या डोक्यात तोंड खुपसलं. आजोबा मला हातात धरून उभे होते. एकमेकांकडे बघायची आम्हा दोघांची छाती झाली नाही.

ऑपरेशननंतर त्यांना स्वच्छ दिसायला लागलं. एका सकाळी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, आपला जुना बारीक चिमटा घेतला आणि मला मांडीवर आडवं केलं. माझी एकूण एक तार जागेवर आहे ना, हे आधी तपासलं. मला वाटलं, आता दुरुस्त करणार. त्या हातांना मिनिटाचं काम होतं. मी लाजेनं आणि आशेनं ताठ झाले. त्यांनी चिमट्यानं जाळीचं टोक पकडलं आणि ती गोल गोल ओढत कड्यातून पूर्ण काढून टाकली. मग उठून चमच्यांचा खडखडणारा खण उघडला आणि बोचक्यासाठी काटा शोधला.

तर अशी ही माझी कहाणी. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, त्यांना घासा, पुसा, कोरड्या ठेवा. आणि घरात खायला शिकणारं कोणी असेल, तर त्याची काळजी घ्या, पण एवढी नको, की गाजर कसं असतं हे त्याला गाळणीच्या चुकीतून कळावं. हे सांगायचा मला अधिकार नाही. म्हणून मी हळू आवाजात सांगते आहे.

सध्या मी साबणाच्या पाण्यात असते. बोचकं मला दांडीनं धरतं, तोंडासमोर आणतं आणि फुंकून फुगे उडवतं. त्याच्या फुंकरीतून भाताची दोन शितंही येतात. मी काहीच अडवत नाही.