दणक्याचे नवे पाटे

"भावोजी, ही जीप आहे की खडी फोडायचं मशीन?"

मेव्हणीचा आवाज जीपखालून आला. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे बूट.

"दणकट आहे," तो म्हणाला.

"दणकट आहेच. चाकांवरच्या या लोखंडी पाट्यांवर घर बांधलं तर भूकंपातही हलणार नाही."

गॅरेजच्या दारात, सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीवर त्याची बायको बसली होती. कमरेला रुंद पट्टा बांधलेला. ती हसली आणि हसताना तिचा एक हात आपोआप पट्ट्यावर गेला. ते त्याला दिसलं. 

लोक त्याला दणका म्हणत. खरं नाव लायसन्सवर होतं आणि ते बघायची वेळ कुणावर येत नसे. पायथ्याच्या गावापासून डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत तो जीपने माणसं न्यायचा, आणायचा. रस्ता म्हणजे आपला नावाला रस्ता. अर्धा पावसाने नेलेला, अर्धा दगडांनी बळकावलेला, मध्ये एक ओढा. त्यावरून त्याची जीप उड्या मारत जाई. बसणारे आधी चष्मा खिशात घालत, कवळी असेल तर तीही. पोट घट्ट धरून उतरलेल्या पाहुण्याला तो सांगे, "बघा, आज जेवण दुप्पट जाईल." त्याला त्या नावाचा अभिमानच होता. डोंगराच्या रस्त्याला मऊ गाडी शोभत नाही, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने कधी कुणाला विचारून बनवलेलं नव्हतं.

हिवाळा सरताना बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, चालायचं, वाकायचं नाही, आणि धक्का मुळीच बसता कामा नये. घरी, वर डोंगरावर जायचंय म्हटल्यावर त्यांनी विचार केला आणि सांगितलं, "रस्ता सुधारला की जा." रस्ता सुधारण्याची वाट त्याच्या वडिलांनीही पाहिली होती. तेव्हा ती पायथ्याच्या गावी बहिणीकडे राहिली, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत. गॅरेज दोघी बहिणींच्या वडिलांचं. थोरलीचं लग्न झालं आणि धाकटीच्या हाती पाने-हातोडे आले, असं धाकटीच सांगायची. लग्नाचं पुढे बघू म्हणता म्हणता ती मेस्त्रीणबाई झाली, आणि आता पंचक्रोशीतले ट्रॅक्टरवाले तिला वचकून होते.

तो रोज दुपारी, परतीच्या फेरीआधी तिथे जेवायला थांबे. जेवून ताट धुवून ठेवी, बायकोजवळ बसे आणि म्हणे, "घर ठीक आहे." मग जीपची किल्ली चाचपत उठे. ऑपरेशननंतर त्याने डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं होतं, हे कशामुळे झालं असेल. डॉक्टर म्हणाले, वय, कामं, पाण्याच्या बादल्या, सांगता येत नाही. जीपचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यानेही नाही.

वसंतात मात्र त्याने धीर केला आणि त्या दुपारी जीप मेव्हणीपुढे उभी केली. "पुढच्या सीटवर जाड गादी टाकू. तिला घरी नेतो."

"गादीने ढेकणांची सोय होईल, ताईची नाही," मेव्हणी म्हणाली. "पाटे बदलावे लागतील."

पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, एकावर एक रचलेल्या. त्याच्या जीपला त्या वडिलांच्या काळापासून होत्या आणि गंजून एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की वाकायचंच विसरल्या होत्या.

"पाट्यांना काय झालंय? मी रोज बसतो की."

जीपखालून बूट सरकले, मग गुडघे, मग मेव्हणी पूर्ण बाहेर आली. कपाळावर काळा पट्टा उमटलेला. तिने हात पुसले. "तुम्ही कुठे बसता?"

"म्हणजे? स्टिअरिंगवर."

"मागे कधी बसलात?"

त्याने आठवून पाहिलं. स्वतःच्या जीपमध्ये तो मागे कधीच बसला नव्हता. बसणार तरी कशाला?

"किल्ली द्या."

नदीच्या पात्रात उन्हाळ्यात उघडे पडणारे गोटे होते. मेव्हणीने त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि तो रोज ज्या वेगाने जाई त्याच वेगाने जीप त्या गोट्यांवरून नेली. पहिल्या धक्क्याला त्याचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्याला जीभ चावली गेली. तिसऱ्यानंतर त्याने "अगं, हळू" म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडातून "अ" आणि "ळू" एवढंच बाहेर पडलं. पलीकडच्या काठावर पोचून तिने जीप वळवली.

"आता परत."

"मी चालत येतो," तो म्हणाला.

कमरेवर हात ठेवून, पाय फाकवत तो गॅरेजपर्यंत चालत आला. दारात बायको त्याची चाल बघत होती.

"काय झालं हो?"

"काही नाही." तो खुर्चीला धरून उभा राहिला. मग मेव्हणीला म्हणाला, "काढ पाटे."

काम काही दिवस चाललं. फेऱ्या बंद होत्या. वस्त्यांवरची माणसं पायी उतरत आणि जाता-येता गॅरेजमध्ये डोकावून दणक्याच्या जीपची सुटी हाडं मोजून जात. जुने पाटे सुटता सुटेनात. मेव्हणीने तेल ओतलं, आच दिली, शेवटी पान्याच्या दांड्याला लांब पाइप अडकवून ती त्यावर उभीच राहिली. तो खालून म्हणाला, "मी राहतो उभा." ती वरून म्हणाली, "तुमचं वजन तुमच्या नावाएवढं असतं तर राहू दिलं असतं."

नवे पाटे लांब आणि टोकांकडे निमुळते होते. संख्येने कमी, एकमेकांना न घासणारे. हाताने दाबले तरी किंचित लवत. जोडीला धक्के जिरवणारे नवे शॉकअप. हे सगळं त्याने मान्य केलं. मेव्हणी पुढच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडायला लागली तेव्हा मात्र तो आडवा आला.

"ब्रेकला हात लावायचा नाही. माझे ब्रेक कधी फसलेले नाहीत."

"कारण तुमची जीप ब्रेकवर थांबतच नव्हती. पुढच्या दगडावर आपटून थांबायची," ती म्हणाली. "ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी भरतं. मग पुढच्या उताराला काय करता?"

"पाय मारत राहतो. वाळतात."

"आणि वाळेपर्यंत?"

 वाळेपर्यंत तो कडेच्या कठड्याकडे न बघता शिट्टी वाजवत असे.

"भावोजी, मऊ पाट्यांवर गाडी पळणार. थांबवायला गेलात की तिचं नाक खाली जाणार. तेव्हा ती एका बाजूला खेचली, ताई पुढे फेकली गेली, तर मी एवढी घाम गाळून केलेली मऊ गाडी काय कामाची? पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसतील, त्यांत पाणी साचत नाही. ब्रेकच्या नळ्याही लांब टाकायच्या, चाक आता जास्त खाली लोंबणार. जुनी नळी ताणून तुटली तर तुमची शिट्टीही ऐकू यायची नाही."

"तुला शिट्टीचं कोणी सांगितलं?"

"मी," दारातून बायको म्हणाली.

डिस्क बसल्या.

या दिवसांत त्याला एक गोष्ट दिसली. बायको नुसती खुर्चीवर बसलेली नव्हती. मेव्हणी न बघता हात पुढे करी आणि ती तिच्या तळव्यावर हवा तोच बोल्ट ठेवी. "हा नाही, आखूड. डाव्या बाजूचा तो," असं सांगे. ट्रॅक्टरवाला येऊन "उद्या देता का" म्हणाला की तीच त्याला सांगे, "उद्या नाही, परवा दुपारनंतर, आणि येताना गाडी धुऊन आणा. चिखलात काय शोधायचं आम्ही?" ट्रॅक्टरवाला बरं म्हणून जाई. घरी तिला त्याने असं बोलताना ऐकलं नव्हतं. घरी तिला असं बोलायला होतं तरी कोण.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याने आत बसून पेडल दाबायचं, मेव्हणीने चाकाशी बसून स्क्रू सैल करायचा. दोघांना एकमेकांचं ऐकू येईना म्हणून बायको मध्ये उभी राहिली.

"दाबा," ती म्हणाली. त्याने दाबलं. "धरा. धरा म्हणते ना. आता सोडा."

असं पुष्कळ वेळ चाललं. नळीतून बुडबुडे यायचे थांबले तेव्हा ती खुशीत म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं सांगितल्याबरोबर ऐकलंत."

तो एकटाच चक्कर मारून यायला निघाला. फाटकाजवळ त्याने सवयीने ब्रेकवर सगळा पाय रोवला. जीप जागच्या जागी उभी राहिली आणि त्याचं कपाळ काचेवर आपटलं. मेव्हणीने लांबूनच सांगितलं, "आता पाय नको. अंगठा पुरे."

कपाळावर टेंगूळ घेऊन तो डॉक्टरांकडे परवानगी विचारायला गेला. डॉक्टरांनी आधी टेंगूळच तपासलं. मग स्वतः खाली येऊन, जीपच्या बोनेटवर दोन्ही हात टेकून ती खालीवर हलवून पाहिली आणि म्हणाले, "न्या. सावकाश."

त्याने ते इतकं मनावर घेतलं की पहिल्या चढावर एक पायी जाणारा माणूस त्यांना मागे टाकून गेला आणि पुढच्या वळणावर थांबून विचारू लागला, "बंद पडली का?"

"नाही, चालू आहे," तो म्हणाला.

"दणका, बरं आहे ना सगळं?"

बायको हसू दाबत बसली होती. पाठीमागे टॉवेलची गुंडाळी, हात मांडीवर. जीप मोठ्या दगडावर चढली आणि होडी डुलावी तशी डुलून उतरली. त्याने चोरून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती डावीकडे बघत होती.

"दुखतंय का?"

"नाही. ते खाली पांढरं काय दिसतंय?"

"पाणी. नदी वळते तिथे."

"एवढी मोठी दरी आहे ही?"

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. "तू आज बघतेस का? लग्न झाल्यापासून याच रस्त्याने जातेस येतेस."

"बघणार कशी? दोन्ही हातांनी दांडा धरून, डोळे मिटून बसायचे. कधी एकदा घर येतंय म्हणून." तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. ती अजून खालीच बघत होती.

त्याने जीप कडेला घेतली आणि अंगठ्याने दाबावं तसा ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. खालून पाण्याचा आवाज येत होता. तोही त्याने या जागेवरून कधी ऐकला नव्हता.

"मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तुम्ही केवढ्या खुशीत चालवायचात."

तो कपाळावरचं टेंगूळ चोळत बसला. मग म्हणाला, "सगळेच मिटत असतील डोळे."

"शाळेच्या बाई नाहीत मिटत. त्या मोठ्याने पाढे म्हणतात." आणि ती हसायला लागली. मग त्यालाही हसू आवरेना.

घरी पोचल्यावर तो हात द्यायला धावला. तिने थांबा म्हणून खूण केली, दाराला धरून एकेक पाय खाली ठेवला आणि सरळ चालत घरात गेली. आतून तिचा आवाज आला, "घर ठीक आहे म्हणत होतात ना रोज?" त्याने बाहेरच जीप पुसायला काढली.

काही दिवस सुखाचे गेले. ती अंगणात चाले, ऊन खाई, शेजारणींशी बोले. जीपच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. लोक चष्मे घालूनच बसायला लागले. मग एका संध्याकाळी, चहाचा कप त्याच्या हातात देत ती म्हणाली, "सोमवारी मी तुमच्याबरोबर खाली येते. धाकटीकडे. दुपारच्या फेरीला परत."

"का? पाठ दुखतेय?"

"पाठ बरी आहे. तिथे माझं काम आहे. धाकटीला बोल्ट सापडत नाहीयेत, आणि गिऱ्हाइकं तिला गुंडाळतात. रोज नाही. आठवड्यातून तीनचार दिवस."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे मी गाडी मऊ केली ती कशासाठी? तुला घरी आणायला ना?"

"जायला-यायला," ती म्हणाली. "रस्ता काय एकाच बाजूने असतो का?"

 रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने यावर उत्तर शोधून पाहिलं. अंथरुणावर पडताना म्हणाला, "टॉवेल घेऊन ठेव. गुंडाळी करायला."

सोमवारी जीप भरली. पुढच्या सीटवर बायको बसणार म्हणून ती मोकळी ठेवली होती, पण गुडघे धरलेले एक म्हातारे गृहस्थ आले आणि तिने ती त्यांना दिली. ती मागे बसली, शाळेच्या बाईंच्या शेजारी. त्याने आरशात पाहिलं. तिला नीट टेकता येतंय एवढी खात्री केली आणि गाडी काढली.

ओढा ओलांडला. पुढचा उतार लागला. ब्रेक धरत होते. मागे कुणी भाजीच्या भावाबद्दल बोलत होतं. उतार संपत आला तेव्हा त्याने पुन्हा आरशात पाहिलं. बायकोची मान कलली होती. शाळेच्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. बाई खांदा न हलवता ताठ बसल्या होत्या. भाजीचे भाव बोलणाऱ्यांनी आवाज उतरवला.

गॅरेजसमोर त्याने जीप थांबवली. ती थांबली हे कुणाला पटकन कळलंही नाही. "पोचलो का?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. त्याने मान हलवली. एकेक जण पिशव्या उचलून, तिच्या पायांना वळसा घालून उतरला. बाईंनी आपल्या खांद्याच्या जागी टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि त्याही उतरल्या.

हात पुसत मेव्हणी बाहेर आली. काहीतरी बोलणार होती. जीपच्या मागच्या भागात तिची नजर गेली आणि ती तशीच परत आत वळली. जाताना तिने घरघरणारा हवेचा पंप बंद केला.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. वर जाणारे उतारू रस्त्यापलीकडे उभे होते. त्यातल्या एकाने भुवया उडवून विचारलं, निघायचं का? त्याने तळहात दाखवला. जरा थांबा.