तो तिचा स्वभाव नव्हता

बायको चिडकी झाली, ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि हसण्यावारी नेली आहे. पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एका माणसाच्या घरातही तेच झालं. त्याची बायको घरी बसून पडदे शिवायची. गल्लीत तिला सगळे हसरी वहिनी म्हणत. दोन महिन्यांपूर्वी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तिला फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. फिट पुन्हा आली नाही, पण हसरी वहिनी येता-जाता घरच्यांच्या अंगावर ओरडायला लागली.

एकदा टीप चुकली म्हणून तिनं कात्री भिंतीवर फेकली आणि तिथंच बसून ढसाढसा रडली.

"मला काय होतंय, कळतच नाही हो!"

"काही होत नाहीये," नवरा म्हणाला. "इतक्या वर्षांचं गोड वागणं नाटक होतं म्हणायचं. खरा स्वभाव आता बाहेर पडला."

दाराशी त्यांची नऊ वर्षांची लेक उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, तू आधीसारखी हो ना."

आणि चार दिवसांत ती खरोखर निवळली! लेकीची वेणी घालताना गुणगुणायला लागली. नवरा खूश. "बघ, मनावर घेतलंस की जमतं तुला!" ती नुसती हसली.

त्यानंतर सहा दिवसांनी एका सकाळी आतून बंद असलेलं न्हाणीघराचं दार उघडेना. दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता. फिटनंच घात केला, असं डॉक्टर म्हणाले.

पंधरवड्यानं तो उरलेल्या गोळ्या घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला. कुणाच्या तरी कामी येतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दुकानातल्या वयस्कर बाईंनी ती कधी गेली ते विचारलं, गोळ्या कधी दिल्या होत्या ते पाहिलं, पाकिटं मोजली आणि त्या थबकल्या.

"यात वीस गोळ्या जास्त आहेत. दिवसाला दोन, म्हणजे शेवटचे दहा दिवस त्यांनी गोळ्या घेतलेल्याच नाहीत."

"शक्य नाही! त्या दिवसांत तर ती अगदी छान होती."

बाईंनी चष्मा काढला. "त्याआधी चिडायच्या का? उगाच रडायच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"या गोळीनं काही जणांना तसं होतं. तो त्यांचा स्वभाव नव्हता हो, औषधाचा दुष्परिणाम होता. डॉक्टरांना सांगितलं असतं, तर त्यांनी मात्रा कमी केली असती, नाहीतर बेताबेतानं गोळी बदलली असती. पण एकदम सोडली की फिट उलटते. काही त्रास होतोय का, असं डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं! गोळ्या सुरू झाल्यावरच्या तपासणीत. ती बोलणार, तेवढ्यात तोच मध्ये म्हणाला होता, "तिला कसला त्रास, डॉक्टर? त्रास आम्हाला आहे!" डॉक्टर हसले, तोही हसला. ती गप्प बसली. आणि हे गोळ्यांमुळे होतंय असं वाटून, घरच्यांना हवी तशी होण्यासाठी तिनं गोळ्या सोडल्या.

"मला माहीत नव्हतं हो," तो रडत म्हणाला.

"नसेल. पण त्यांना विचारता तर येत होतं," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरून आले होते.

घरी येऊन त्यानं लेकीला जवळ घेतलं. "आई आपल्यावर चिडत नव्हती बाळा. गोळीमुळे तसं होत होतं. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. तुझी नाही."

लेक म्हणाली, "म्हणजे मी तिच्याशी उगाच कट्टी केली होती?"



वाचकहो, औषध सुरू झाल्यावर घरातलं माणूस बदललं, तर त्याला नावं ठेवू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, करू देऊ नका. आणि दवाखान्यात त्रास विचारला जाईल, तेव्हा आपण गप्प बसा. ज्याचं दुखणं आहे, त्याला बोलू द्या.